हरीण न्हवं, ‘डे’ हाय

२० नोव्हेंबर १९९९
तुळशीची लग्नं लागली, आता माणसांची लागतील. परवा कागल रोडवर आपलं ‘शांभवी मंगल कार्यालय’ उघडतंय. लेकीचं नाव दिलंय. गडहिंग्लजचं किराणा दुकान भावाच्या गळ्यात मारून कोल्हापुरात आलो, तवा सगळी भावकी हसली हुती. म्हणे सिद्धरामला डाळ-गूळ कळतंय, लग्नातलं काय कळणार! हसा लेको.

ह्या रोडला पाच कार्यालयं हायत. एकाकडं कारंजं, दुसऱ्याकडं पांढरा घोडा. माझ्याकडं हरणं. काल टेंपोतनं आली, एक नर आणि चार माद्या. मेव्हणा बसवेश वकील हाय, त्यानंच बेळगावकडच्या दलालाकडनं जमवून दिली. कागदावर ‘फॅलो डियर, विलायती जात’ असं लिवलंय. देशी हरणाला हात लावला तर तुरुंग, विलायतीला तो कायदा लागत न्हाय, असं बसवेशचं म्हणणं. वकील माणूस, खोटं कशाला बोलेल?

२२ नोव्हेंबर
हरणांवर गैबी नावाचा म्हातारा ठेवला. त्याचा आजा म्हणे संस्थानाच्या शिकारी चित्त्यांवर हुता. जनावरांचं रक्तातच हाय. विधवा लेक कुलसुम बरोबर हाय, ती भांडी घासंल. मागची खोली दिली दोघांना.

म्हाताऱ्यानं कुंपणापाशी उभं राहून पाचीच्या पाची बघितली आणि मला म्हणाला, “मालक, ही विलायती न्हवंत. चितळं हायत आपली. राधानगरीच्या जंगलात मिळत्यात तसली.”

मी विचारलं, “कागद वाचता येतोय का तुला?”

“कागद येत न्हाय मालक, जनावर येतंय.”

पहिल्याच दिवशी उलट उत्तर! म्हटलं, गप वैरण टाक.

२६ नोव्हेंबर
शांभवी विद्यापीठात इंग्रजीचं एम. ए. करती. तिला म्हटलं, हरणांच्या बोर्डावर लिवायला एखादं भारी नाव शोध, ‘हरीण’ काय, गल्लीतलं पोरगंबी म्हणतंय. तिनं लायब्ररीतल्या जुन्या स्कॉटिश भाषेच्या जाडजूड डिक्शनरीतनं काढून आणलं. तिकडं फॅलो डियरला, विशेष करून मादीला, फार पूर्वी ‘डे’ म्हणायचे. राजाच्या राखीव बागेत असायची आणि मारणाऱ्याला शिक्षा व्हायची. पोरगी काय खुलून सांगत हुती! शब्द जुना झाला, मेला, आता तिकडंबी कोण बोलत न्हाय म्हणाली. म्हटलं, बरंच झालं, म्हणजे कोण विचारायला येणार न्हाय.

बोर्ड रंगवून घेतला. ‘स्कॉटलंडची शाही डे’. डिक्शनरीच्या पानाची झेरॉक्स काचेत लावली.

२९ नोव्हेंबर
पहिलं लग्न झकास झालं. आणि माझ्या टाळक्यात एक आयडिया आली, ती अशी चालली की इचारू नका. अक्षता पडल्यावर नवरा-नवरीनं डेला आपल्या हातानं गोड घास द्यायचा, मगच पंगत बसवायची. फोटोवाला तर उड्या मारत हुता. नवरीच्या हातातली जिलबी खाताना डेचा फोटो! मग वऱ्हाडानं रांगच लावली. कोण बुंदी, कोण मसालेभात. मुकं जनावर पोटभर जेवलं. पुण्य आणि जाहिरात एकाच पत्रावळीवर.

गैबी तेवढा आडवा आला. “मालक, रवंथ करणारं जनावर हाय. साखर-भात पोटात आंबतंय, पोट फुगून मरतंय.”

मी म्हटलं, “अरे, बेंदराला आम्ही बैलाला पुरणपोळी चारतो. आमच्या बाच्या बापापासनं चारतो. कुठला बैल मेला?”

“बैलाला वर्षातनं एक पोळी. ह्यांना रोज पंगत.”

तोंड लई चालतंय ह्याचं.

६ डिसेंबर
एक मादी मेली. काल दोन लग्नं हुती. सकाळी गेलो तर हलगीगत पोट, पाय ताठ. शांतव्वाला, माझ्या बायकोला, रडू आलं. मलाबी वाईट वाटलं, न्हाय असं न्हाय. खड्डा काढून मीठ टाकून पुरली, विभूती लावली. गैबी म्हणाला, पोट उघडून दाखवतो, आत काय हाय ते बघा. म्हटलं खबरदार! लिंगायताच्या जागेत सुरी चालवतोस? आमच्या सात पिढ्यांत कुणी मुंगी मारली न्हाय.

थंडी बाधली असणार.

१० डिसेंबर
वनखात्याचा गार्ड आलता. म्हणाला, हरणं पाळलीत म्हणं. मी आधी जेवायला बसवला. बासुंदी वाढली आणि मग शांतपणे म्हटलं, “साहेब, हे हरीण न्हवंच. डे हाय. स्कॉटलंडचं. हे बघा डिक्शनरीचं पान.” त्यानं झेरॉक्स उलटीसुलटी करून बघितली. “तरीच म्हटलं, आपल्याकडचं वाटत न्हाय,” म्हणाला आणि ढेकर देऊन गेला.

शांभवी दारात उभी हुती. तिला म्हटलं, बघ, तुझ्या शिक्षणाचा उपयोग झाला. हसली न्हाय. परीक्षेचं टेन्शन असंल.

१३ डिसेंबर
दुसरी गेली. पुन्हा तेच, पोट फुगून.

संध्याकाळी शांभवी एक पुस्तक घेऊन आली. त्यात फॅलो डियरचं चित्र. “अप्पा, ह्याची शिंगं बघा. पंजासारखी चपटी असतात. आपल्या नराची काठीसारखी हायत. गैबीचाचा खरं सांगतोय. ही चितळं हायत.”

मी म्हटलं, “वयात आला की चपटी हुतील.”

“अप्पा, तो वयात आलाय. आणि ती मोठी मादी गाभण हाय. जिलबी बंद करा. न्हायतर वनखात्याला देऊन टाका सगळी.”

देऊन टाका! रंकाळ्याची भेळ हाय व्हय? माझ्या नावावर निघालेलं पहिलं काम हाय हे. आणि खरं सांगायचं तर त्या दलालाचा मलाबी संशय आलाय. पण आता हे चितळ हाय म्हणायचं म्हणजे मीच गुन्हेगार म्हणायचं. जवर मी डे म्हणतोय तवर ते डे हाय. पुस्तक माझ्याकडंच ठेवून घेतलं.

२८ डिसेंबर
धनुर्मास लागला, लग्नं बंद. आमच्या मठातल्या स्वामींना आणून कुंपणाला तीर्थ शिंपडून घेतलं आणि काय चमत्कार! पंधरा दिवसांत तिन्ही डे टुणटुणीत. उड्या मारत्यात. गैबी फक्त कडबा आणि हिरवा पाला टाकतो, बाकी काय न्हाय. सगळी स्वामींच्या तीर्थाची कृपा. गाभणीचं पोट आता दिसायला लागलंय. म्हातारा तिला “माझी पोटुशी” म्हणतो, कपाळाला कपाळ लावून बसतो. मी लांबनं बघितलं. हसू आलं.

१९ जानेवारी २०००
संक्रांत झाली, लग्नं सुरू. पहिल्याच आठवड्यात तिसरी मादी मेली. आता नर आणि गाभण तेवढी उरली. स्वामींना फोन केला, तीर्थाचा असर किती दिवस टिकतो इचारलं. रागावले.

२३ जानेवारी
घात झाला.

सकाळीच वनखात्याची जीप. मोठा साहेब, बरोबर जनावरांचा डॉक्टर. कुणीतरी पत्र लिवलं हुतं. नीट, मुद्देसूद, पुरलेल्या जागांच्या खुणांसकट. मी झेरॉक्स काढली. साहेब म्हणाला, “हे पान तुमच्याकडंच ठेवा. शब्द स्कॉटलंडचा असंल, जनावर इथलं हाय. चितळ हाय हे.” तिन्ही खड्डे उकरले. वास! वऱ्हाड जेवत हुतं, अर्धं उठून गेलं. न्यायला गाडी न्हाय, ठेवायला जागा न्हाय, म्हणून दोन्ही जनावरं जप्त करून कोर्टाचा हुकूम येईपर्यंत माझ्याच ताब्यात ठेवली. मालक कोण ते परवा जबाबात लिवायचं हाय.

पत्र कुणी लिवलं? आचारी केरबाचंच काम. परवा त्याला तेलावरनं बोललो हुतो. आत्ताच हाकलला. “मला लिवता तरी येतंय का मालक?” म्हणून रडत हुता. नाटकी. शांभवी मधी पडली, “केरबाकाकांनी केलं न्हाय अप्पा,” म्हणाली. मी इचारलं, तुला काय म्हायती? आत निघून गेली. कुणाच्याबी बाजूनं बोलती, मऊ काळजाची हाय.

२४ जानेवारी
बसवेश आला. दलालाचं नाव काढलं तर खाली मान. मग म्हणाला, “दाजी, झालं ते झालं. मागची जागा नोव्हेंबरपासनं गैबीला भाड्यानं दिली, असा कागद करू. जनावरं त्याची. शिकाऱ्याच्या घराण्यातला मुसलमान म्हातारा, जंगलातनं धरून आणली म्हटलं तर कोण न्हाय म्हणणार?”

गैबीनं माझं काय वाकडं केलं न्हाय, हे मला कळतंय की. पण माझ्यामागं बायको हाय, लेकीचं लग्न ठरवायचंय, समाजात नाव हाय. त्याच्यामागं काय हाय? एक विधवा लेक. तीबी हाताला काम असलेली.

बोर्ड उतरवला. फोटोवाल्याकडनं निगेटिव्ह आणून बंबात घातली.

२५ जानेवारी
गैबीला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. बसत न्हवता. म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न हाय, बसवेश तुला जामिनावर सोडवतोय. कुलसुमची खोली कायम. मी आत गेलो तर कार्यालय बंद, मग तुम्ही दोघंबी रस्त्यावर.

म्हातारा खुर्चीवरनं उठला. मग म्हणाला, “आमच्या आज्यानं संस्थानाची शिकार सांभाळली, पण चोरीची शिकार आमच्या घराण्यात कुणी केली न्हाय, मालक.”

“मला म्हायती हाय.”

“तुम्हाला म्हायती हाय. बस्स.” मग म्हणाला, “माझं एकच मागणं हाय. त्या पोटुशीला घास द्यायचा न्हाय. कुणाच्याबी लग्नात. फकस्त पाला. तिचं बाळंतपण नीट हुऊ दे. तेवढं वचन द्या, मी अंगठा देतो.”

एवढंच! मला वाटलं हुतं काय काय मागतोय. इष्टलिंगावर हात ठेवून वचन दिलं. त्यानं अंगठा दिला. जबाबात बसवेशनं लिवलं, ‘हरीण जातीचे वन्य प्राणी जंगलातून पकडून आणले’. मी वाचलं. दोन महिने ज्याला डे म्हणून म्हणून तोंडाला फेस आला, ते गैबीच्या नावावर जाताना एका मिनटात हरीण झालं. कायदा म्हणजे कमाल हाय.

वनखात्याच्या जीपमधी बसताना त्यानं कुलसुमला कुंपणाच्या कुलपाची किल्ली दिली.

४ फेब्रुवारी
नर मेला. त्याचं वचन न्हवतं दिलं.

बसवेश म्हणतो, जामिनाची घाई नको. म्हातारा बाहेर आला की चार माणसांत बोलणार. त्यापेक्षा गुन्हा कबूल करू दे, शिक्षा कमी बसंल. मलाबी पटलं. कुलसुम रोज दारात येऊन उभी राहती, “अब्बाला कधी आणायचं?” म्हणून. रोज रोज काय सांगणार? शांतव्वाला सांगितलं, मी घरात न्हाय म्हणून सांगत जा. शांतव्वानं दोन दिवस सांगितलं, मग म्हणाली, “माझ्यानं हुईत न्हाय वो.”

८ फेब्रुवारी
आज शांभवी समोर येऊन म्हणाली, “मी कोर्टात जाऊन खरं सांगणार हाय. पत्रबी मीच लिवलं हुतं.”

माझ्या कानाखाली कुणीतरी मारल्यागत झालं. मग मीच तिला मारली. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला. माझ्या नावाची माती करायला निघाली, माझ्याच पैशानं शिकलेली अक्कल घेऊन! रडली न्हाय. केरबाचं जरा वाईट वाटलं, पण आता नवा आचारी ठेवलाय.

गडहिंग्लजच्या एका पेंडीच्या व्यापाऱ्याच्या पोराचं स्थळ मागंच सांगून आलं हुतं. फोन करून हो म्हटलं. १७ तारखेचा मुहूर्त हाय. एम. ए. काय, लग्नानंतरबी करता येतंय. बसवेश म्हणतो, सासरी गेलेली पोरगी कोर्टात जात न्हाय.

१७ फेब्रुवारी
शांभवीचं लग्न पार पडलं. आठशे पान उठलं. आता जे झालं ते लिवतो, कारण माझ्या बाजूनं कुणीतरी लिवायला पाहिजे.

अक्षता पडल्यावर व्याही म्हणाले, “तुमच्याकडं ती हरणाला घास द्यायची रीत हाय म्हणं? आमच्या पावण्यांनी लई ऐकलंय.” मी म्हटलं, जनावर गाभण हाय, राहू दे. व्याह्यांचा चेहरा पडला. त्यांच्या बहिणी कुजबुजायला लागल्या की नवरीत काय खोट हाय काय, घास का देऊ देईनात. लग्नाच्या दिवशी असला शब्द! काय करणार हुतो मी? वचन गैबीला दिलंय, पण लेकीच्या संसारापुढं वचन मोठं व्हय? शिवाला कळतं सगळं.

कुलसुम किल्ली देईना. फाटकाला पाठ लावून उभी. “अब्बा हिच्यासाठी आत गेलाय,” म्हणून ओरडत हुती, सगळ्या वऱ्हाडापुढं. नव्या आचाऱ्यानं आणि दोघा वाढप्यांनी तिला उचलून बाजूला केली. कुलूप तोडलं.

शांभवी पुढं येईना. मी तिच्या हातात लाडू ठेवला, मनगट धरलं आणि हसत हसत तिचा हात कुंपणात घातला. मादी लगेच आली. सवयच हुती तिला माणसाच्या हाताची. शांभवी हळू आवाजात म्हणाली, “अप्पा, नको. पाया पडते, नको.” बँड वाजत हुता, कुणाला ऐकू गेलं न्हाय. मला गेलं. मी मनगट सोडलं न्हाय. लाडू खाऊन झाल्यावर मादीनं तिची बोटं चाटली, टाळ्या पडल्या. मग पावण्यांची रांग. व्याही खूश झाले.

पाठवणीला शांभवी माझ्या पाया पडली न्हाय. आईच्या पडली, आणि कुलसुमच्या.

१९ फेब्रुवारी
गाभण मादी गेली. एक दिवस आणि एक रात्र तडफडली. कुलसुम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली हुती. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा म्हणाली, पण त्याला बोलावलं तर कागद हुतो. ती मेल्यानंतरबी पोटातलं पिल्लू जरा वेळ हलत हुतं, असं कुलसुम म्हणाली. बायका काहीबाही बोलत्यात. वनखात्याला ‘आजारानं मेली’ म्हणून लिवून दिलं. फाईल बंद.

२६ फेब्रुवारी
खोली नव्या आचाऱ्याला दिली. कुलसुम हुपरीला गेली, कुणाच्या तरी घरी पैंजणांना घुंगरं लावायला. जाताना काय बोलली न्हाय. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ मार्च
गैबीनं गुन्हा कबूल केला. सात महिने. बसवेश म्हणतो, स्वस्तात सुटला.

११ ऑक्टोबर
मधी लिवण्यासारखं काय घडलं न्हाय. कुंपण काढून तिथं कारंजं केलं. धंदा बरा हाय. शांभवी गडहिंग्लजला, फोनवर येत न्हाय. शांतव्वाला म्हटलं, संसारात रमली.

आज सकाळी गैबी आला. आधी वळखलाच न्हाय, निम्मा झालाय. कारंज्यापुढं उभा राहून बघत हुता. वाटलं, आता ओरडणार, माणसं गोळा करणार. कुलसुमचंबी इचारंल, आत गेल्यापासनं भेट न्हाय दोघांची. पण त्यानं पहिलं इचारलं ते असं, “मालक, माझ्या पोटुशीचं काय झालं?”

माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, “वनखात्यानं राधानगरीच्या जंगलात सोडली की. पिल्लू झालं. मादी.”

म्हातारं मटकन खाली बसलं. दोन्ही हातांत तोंड झाकून ढसाढसा रडायला लागलं. मग उठलं आणि माझे हात धरून डोळ्यांला लावले. “तुम्ही वचन पाळलं मालक. आतमधी रोज वाटायचं, पाळत असतील का. मला माफ करा, मी शंका घेतली. अल्ला तुमच्या लेकीचं भलं करो.” काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं! सात महिन्यांत पहिल्यांदा. खऱ्यानं त्याचा जीव गेला असता. एका वाक्यानं माणूस जिवंत केला मी. ह्याला पुण्य न्हाय म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

कुलसुम हुपरीला हाय म्हणून सांगितलं. पण तो म्हणाला, आधी जंगलात जातो, तिला एकदा लांबनं बघतो, मग लेकीकडं. मला वळखंल ती, कपाळावरनं.

तो गेल्यावर बसवेशला फोन केला. बसवेशनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दाजी, शिकारीची शिक्षा भोगलेला माणूस परवानगीशिवाय अभयारण्यात घावला तर गार्ड त्याला सोडत न्हाय. पुन्हा आत जाईल, आणि ह्या वेळी लवकर बाहेर येणार न्हाय.”

हे माझ्या डोक्यातच आलं न्हवतं. अजून स्टँडवरच असंल, रिक्षानं गेलो तर दहा मिनटांत गाठता येईल, असं शांतव्वा म्हणाली. पण गाठून सांगणार काय? आणि एका अर्थानं बघितलं तर, तो तिकडं गेलेला बरा. मी काय त्याला जा म्हटलं न्हाय. त्यानं इचारलं म्हणून राधानगरीच्या गाडीचा टायम तेवढा सांगितला.